एक ताई हवी

शेजारची लेक डॉक्टर झाली तेव्हा भिसेगावातल्या आमच्या अख्ख्या आळीला पेढे मिळाले. आता ती मुंबईत एम.डी. करतेय. थेट कर्जत लोकल असूनही महिना महिना घरी येत नाही. परवा आली, तर ताटावरच पेंगली. आई म्हणाली, ‘डॉक्टरकी म्हणजे कष्ट आलेच.’ मला नाही पटलं.

२०१९ मध्ये नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर वरिष्ठांवर छळाचे आरोप झाले, प्रकरण कोर्टात गेलं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांची मर्यादा अन् एक सुट्टी सुचवली. चांगलंच आहे. पण रात्री तीन वाजता वॉर्डात जवळ असते ती वर्षभर पुढची सीनियर. मोडणारीही तीच, सावरणारीही तीच. म्हणून प्रत्येक नव्या मुलीला अशी एक ताई कॉलेजनेच नेमून द्यावी, अन् त्या ताईलाही त्यासाठी वेळ द्यावा.

निघताना लेक म्हणाली, ‘काकू, एक मॅडम म्हणाल्या, तू झोप, मी बघते. म्हणून टिकले.’

आपणही फोनवर आधी अभ्यासाचं नको, झोपेचं विचारूया.