पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला कोण शिकवणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत सत्कार होतात. त्या मुलामुलींपैकी पुढच्या वर्षी एस.वाय.च्या वर्गात किती जण बसले, हे मात्र कोणी मोजत नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशाच्या उच्च शिक्षणात मुस्लिम विद्यार्थी ४.६ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा १४.२ टक्के होता. म्हणून आपण प्रवेश, फी आणि स्कॉलरशिपवर बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण प्रवेश घेतलेले मूल टिकते की गळते, यात पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवणाऱ्याचा मोठा वाटा असतो. त्या शिक्षकाच्या तयारीबद्दल आपण काहीच बोलत नाही.

भोसरीत संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हिशेब शिकवतो. एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी कॉलेजात बसणारा मुलगा पहिल्या तासाला पेंगतो. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला हिशेब येतो. ‘खतावणी’ आणि ‘तेरीज’ हे शब्द तेवढे येत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीत भंगाराची दुकाने आणि गोदामे पाडली. ज्यांच्या घरचा धंदा त्यात गेला, ती मुले त्यानंतर कॉलेजात कोणत्या मनाने बसली असतील? पेंगणे म्हणजे बेफिकिरी नव्हे आणि गप्प बसणे म्हणजे मठ्ठपणा नव्हे, हे ओळखण्याचे कौशल्य एम.कॉम. किंवा सेट-नेटच्या परीक्षेत शिकवले जात नाही. ते वेगळे शिकावे लागते.

शिकवण्याआधी शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सावित्रीबाईंनीही अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. ५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशन ही नवी प्रशिक्षण योजना आली. तिचे आठ विषय आहेत. त्यात विद्यार्थ्यांचे वैविध्य आणि समावेशक शिक्षण हा एक आहे, पण पहिले वर्ष हा स्वतंत्र विषय नाही. शिवाय अशी प्रशिक्षणे कायम प्राध्यापकांच्या बढतीशी जोडलेली आहेत. पहिल्या वर्षाचे भरगच्च वर्ग मात्र अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांकडे असतात. त्यांना बढती नाही, पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची खात्री नाही. तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्यासाठी प्रशिक्षणाचा दिवस म्हणजे बुडालेल्या कमाईचा दिवस. मग जाणार कोण?

नव्या शिक्षण धोरणामुळे हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. आता ठरलेले श्रेयांक पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. अडचणीतल्या मुलासाठी ही सोय आहे, हे मान्य. पण चाकणच्या कंपनीत कंत्राटी काम समोर असताना, वर्गात कोणीही आपली दखल घेतली नाही असे वाटणाऱ्या मुलासाठी तीच सोय गळतीची वाट ठरेल. काल जिला आपण गळती म्हणत होतो, तिला उद्या ‘एक्झिट’ म्हटले जाईल आणि कोणाला दुःखही होणार नाही.

अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७० साली विद्यार्थ्यांनी कुलगुरू थॉमस जोन्स यांना त्यांच्याच कार्यालयात कोंडले होते. जोन्स यांनी त्यातून घेतलेला धडा वेगळा होता. १९७२ मध्ये तिथे नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तो शिकवणाऱ्यांना आधी प्रशिक्षण देण्याची पद्धत त्याच्याबरोबरच आली. आपल्याकडे यूजीसीने नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ आणि नव्या प्राध्यापकांसाठी ‘गुरुदक्षता’ असे दोन कार्यक्रम आखले. त्या दोघांची गाठ पहिल्या वर्षाच्या वर्गात पडायला हवी.

त्यासाठी माझ्या मते तीन मागण्या रास्त आहेत. एक, वर्ग सुरू होण्याआधी पहिल्या वर्षाच्या सर्व शिक्षकांचे आठवडाभराचे प्रशिक्षण व्हावे आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना त्या दिवसांचे मानधन मिळावे. दोन, त्यात पाळीत काम करणारी मुले, माध्यम बदलून आलेली मुले आणि पहिल्या सहा आठवड्यांतली गैरहजेरी यांवर प्रत्यक्ष काम व्हावे. नुसती भाषणे नकोत. तीन, प्रत्येक विषयातल्या अनुभवी प्राध्यापकाने पहिल्या वर्षाचा किमान एक तास स्वतः घ्यावा.

मित्रांनो, या मागण्या करायला मोर्चाच लागतो असे नाही. कॉलेज विकास समितीवर विद्यार्थी परिषदेला कायद्याने जागा आहे. नॅकसाठीच्या वार्षिक अहवालात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांची आकडेवारी द्यावी लागते. आपल्या कॉलेजचा अहवाल काढा, वाचा आणि विचारा: यातले पहिल्या वर्षाला शिकवणारे किती? तासिका तत्त्वावरचे किती? आणि जे एस.वाय., टी.वाय.ला आहेत, त्यांनी आपल्या गल्लीतल्या एफ.वाय.च्या एकेका मुलाची हजेरी महिन्यातून एकदा तरी विचारावी. शिक्षक तयार होईपर्यंत तेवढे काम आपल्याला आजपासून करता येईल.