‘७६’ म्हणजे नक्की किती पाणी?

इंजिनिअरिंगच्या पोरांना फायनल इयरचा प्रोजेक्ट विचारा, ‘एआय एजंट’ हा शब्द हमखास कानावर पडतो. चॅटबॉट नुसता बोलतो, एजंट कामं करतो. त्यासाठी आपण त्याच्या हाती टूल्स देतो, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम. एक बाजारभाव आणतं, एक गाडीचं वेळापत्रक शोधतं, एक मेल पाठवतं. कोणतं टूल कधी वापरायचं हे एजंट स्वतः ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हापासून अशी टूल्स जोडणं आणखी सोपं झालंय.

पण साधारणपणे टूलच्या आतला कोड एजंटला दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, खाली तुम्ही लिहिलेलं वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. बस्स, एवढंच. आणि नेमकं हे वर्णन लिहायलाच कुणाला वेळ नसतो. कोडवर आठ रात्री, वर्णनावर आठ शब्द!

आता समजा, तुम्ही जायकवाडीचा साठा सांगणारं टूल बनवलंत. वर्णन लिहिलंत, ‘धरणाची पातळी देते’. पैठणकडच्या एका शेतकऱ्याने एजंटला विचारलं, यंदा पाणी किती आहे? टूलने आकडा दिला, ७६.

७६ काय पण? जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी. त्यातला साधारण २६ टीएमसी मृतसाठा, उरलेला ७६ टीएमसीच्या आसपास उपयुक्त साठा. म्हणजे हा आकडा उपयुक्त साठ्याचा आणि टीएमसीत असेल, तर धरण जवळपास काठोकाठ भरलंय. टक्क्यांत असेल, तर सुमारे ५८ टीएमसी पाणी आहे. आणि मृतसाठा धरून एकूण ७६ टीएमसी असेल, तर वापरता येणारं पाणी फक्त ५० टीएमसी, म्हणजे ६५ टक्के. हा ६५ चा आकडा मराठवाड्याला चांगलाच ठाऊक आहे. पावसाळा संपता संपता उपयुक्त साठा तिथवर पोचला की नाही, यावरच वर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, हा वाद पेटत आलाय. त्यात वर्णनात शब्द ‘पातळी’. पातळी तर फुटांत मोजतात, आणि जायकवाडी भरतं १५२२ फुटांवर!

एजंटला यातलं काहीच माहीत नाही. वाळूजच्या एखाद्या शॉपमध्ये ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला नसेल, तर जुना ऑपरेटर जॉब लावत नाही, आधी विचारायला येतो. एजंट बहुतेक वेळा विचारत नाही. तो ७६ पुढे टक्क्याचं चिन्ह लावतो, दोन ओळी गोड मराठीत लिहितो आणि मोकळा होतो. शेतकरी त्या भरवशावर उसाचा विचार करतो.

यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही. ‘जायकवाडीचा (नाथसागर) उपयुक्त साठा टक्क्यांत देते. मृतसाठा यात धरलेला नाही. आकडा आज सकाळी सहाचा. विसर्ग हवा असेल तर हे टूल वापरू नये, त्यासाठी वेगळं टूल आहे.’ चार वाक्यं. माझ्या मते यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही. टूल काय करतं हे सगळे सांगतात, काय करत नाही हे कोण सांगणार?

आपल्या शहराचं नावच घ्या. तिकीट शोधणाऱ्या टूलमध्ये ‘शहर’ असा एक रकाना ठेवलात, तर एजंटने तिथे काय भरायचं? छत्रपती संभाजीनगर? की डेटाबेस जुना आहे म्हणून औरंगाबाद? त्या नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेशनचं नाव बदललं, त्याबरोबर कोडही बदलला, एडब्ल्यूबीचा सीपीएसएन झाला. विमानतळाचा कोड मात्र आयएक्सयूच. रकान्यापुढे ‘शहराचं नाव नको, स्टेशनचा कोड भरा, उदाहरणार्थ सीपीएसएन’ एवढं लिहिलं की प्रश्न मिटला.

काही जण म्हणतात, मॉडेल्स दर सहा महिन्यांनी हुशार होतायत, कशाला एवढी कटकट? अहो, हुशारीचा इथे संबंधच काय! तुमच्या टूलमधून येणारा ७६ टक्क्यांतला की टीएमसीतला, हे जगात कुठेच लिहिलेलं नाही. ते फक्त तुमच्या डोक्यात आहे. कितीही हुशार पाहुणा आला तरी आपल्या घरात मीठ कोणत्या डब्यात आहे, ते त्याला सांगावंच लागतं.

याचा अर्थ निबंध लिहा असाही नाही. हाताशी असलेल्या टूल्सची वर्णनं एजंटपुढे सतत असतात. प्रत्येकाचं पानभर झालं तर कामाची ओळ त्यात हरवते. आणि ‘साठा मिळवा’, ‘धरण माहिती’ अशी जुळ्या भावांसारखी दोन टूल्स ठेवलीत, तर वर्णन कितीही चांगलं असो, गोंधळ ठरलेला. त्यापेक्षा सरळ एकच ठेवा.

वर्णन जमलंय का हे बघायला महागडं काही लागत नाही. सगळ्या टूल्सची नावं आणि वर्णनं एका कागदावर काढा आणि मराठी किंवा कॉमर्स शिकणाऱ्या मैत्रिणीच्या हातात द्या. दहा प्रश्न विचारा, कोणत्या प्रश्नाला कोणतं टूल? ती जिथे अडली, तिथे एजंटही अडण्याची शक्यता दाट. उलट मला वाटतं, हे काम तिलाच द्यावं. मृतसाठा म्हणजे काय हे माहीत असणारी आणि सरळ चार वाक्यं लिहू शकणारी पोरं आपल्याकडे भरपूर आहेत, फक्त त्यांना कोडिंगवाल्यांच्या टीममध्ये कुणी बोलावत नाही.

आणि व्हायवा घेणाऱ्या सरांना-मॅडमना एक विनंती. चकाचक डेमो नंतर बघा. आधी टूल्सची वर्णनं मागा आणि मोठ्याने वाचायला लावा.