अ‍ॅलन रिकमन : बेचाळिसाव्या वर्षी पहिला सिनेमा



पालकसभा संपल्यावर एक आई मागे थांबल्या. मुलगा पाचवीत. चित्रं इतकी छान काढतो की वर्गाच्या भिंतीवरची निम्मी त्याचीच आहेत. त्या म्हणाल्या, "मॅडम, चित्रकलेच्या तासाला त्याला गणितंच देत जा. यंदा स्कॉलरशिप आहे. नंतर उशीर होईल." मी "बघते" म्हटलं आणि विषय संपवला. पण तो 'उशीर' शब्द डोक्यातून जाईना. त्यांना तेव्हा जे सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगते.

हॅरी पॉटरच्या सिनेमात काळ्या झग्यातले, शब्द चावून चावून बोलणारे स्नेप सर तुमच्या मुलांनी पाहिले असतील. ते काम करणारे नट म्हणजे अ‍ॅलन रिकमन. जन्म २१ फेब्रुवारी १९४६, लंडनमधल्या अ‍ॅक्टन भागात. घर कामगाराचं. भावंडं चार. अ‍ॅलन आठ वर्षांचे असताना वडील कॅन्सरने गेले आणि आईने बहुतेक एकटीनेच मुलांना वाढवलं. मुलगा हुशार होता. लॅटिमर अप्पर या नावाजलेल्या शाळेत त्याला स्कॉलरशिप मिळाली. (बघा, स्कॉलरशिप तिथेही आहेच!) त्या शाळेत तो नाटकांतही कामं करायचा.

आता गंमत बघा. शाळा संपल्यावर हा मुलगा नाटकाकडे गेलाच नाही. अठराव्या वर्षी नाट्यशाळेत जाणं तेव्हा शहाणपणाचं मानलं जात नव्हतं, असं त्यांनीच पुढे सांगितलंय. म्हणजे लोक काय म्हणतील हे लंडनलाही होतं. त्यांना चित्रं काढता येत होती, अक्षर देखणं होतं. म्हणून चेल्सीच्या कला महाविद्यालयात आणि नंतर रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ग्राफिक डिझाइन शिकले. मित्रांबरोबर डिझाइनचा स्टुडिओ काढला. काम बरं चाललं होतं.

आणि सव्विसाव्या वर्षी त्यांनी राडा या लंडनच्या प्रसिद्ध नाट्यशाळेला पत्र लिहिलं, मला प्रवेश-चाचणी द्यायचीय म्हणून.

मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात हे पत्र सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याकडे सव्विसाव्या वर्षी कुणी चालू धंदा सोडून पुन्हा विद्यार्थी व्हायचं म्हटलं तर घरात काय होईल, कल्पना करा. १९७२ ते ७४ ते तिथे शिकले. खर्च भागवायला राल्फ रिचर्डसन, नायजेल हॉथॉर्न अशा मोठ्या नटांचा कपडेपट सांभाळला. मग गावोगावच्या नाटक कंपन्या, मग रॉयल शेक्सपियर कंपनी. १९८५ साली ख्रिस्तोफर हॅम्प्टन यांच्या नाटकातला व्हाल्माँ त्यांनी गाजवला, १९८७ मध्ये तेच नाटक न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर गेलं. त्याचा सिनेमा झाला तेव्हा मात्र ती भूमिका दुसऱ्यालाच मिळाली.

पण ब्रॉडवेनंतर 'डाय हार्ड' मिळाला. १९८८ साल, वय ४२, आणि हा त्यांचा पहिला सिनेमा! त्यातला खलनायक हान्स ग्रुबर अंगावर शस्त्रं लटकवून न येता झकास सूट घालून येतो. ही सूचना रिकमन यांचीच होती. चित्रकलेची वर्षं वाया गेली म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दिसण्यातून माणूस कसा सांगायचा, हे डिझाइन शिकलेल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, असं आपलं माझं मत.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. 'रॉबिन हूड'मधल्या शेरीफसाठी बाफ्टा, टीव्हीवरच्या रास्पुतिनसाठी एमी आणि गोल्डन ग्लोब. ऑस्करचं नामांकन एकदाही नाही. २००१ ते २०११ अशी दहा वर्षं, आठ सिनेमे, स्नेप. हे सर मुलांना वर्गात असे टोचून बोलतात की डी.एड.ला आमच्या सूक्ष्म पाठात ते नक्की नापास झाले असते. पण शेवटी त्यांच्या मनातलं कळतं तेव्हा आधीचं सगळं वेगळं दिसायला लागतं. लेखिका रोलिंग यांनी त्यातलं थोडंसं गुपित रिकमन यांना फार आधी सांगितलं होतं आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं पोटात ठेवून काम केलं. १४ जानेवारी २०१६ रोजी, ६९ व्या वर्षी ते गेले.

तुम्ही म्हणाल, मॅडम, प्रत्येक पोरगा रिकमन होतो का? नाही होत. तो मुलगा चित्रकार होईल असंही मी म्हणत नाही. रिकमनसुद्धा झाले नाहीत. आणि पोटापाण्याचं त्यांनी सोडलं होतं असंही नाही, डिझाइनवर त्यांचं चाललं होतंच. माझं म्हणणं एवढंच की दहा वर्षांच्या मुलाला 'उशीर होईल' असं म्हणताना आपण नक्की कशाला घाबरतोय?

त्या आईंना हे सांगायला जायच्या आधी मी माझंच वेळापत्रक काढून बघितलं. जूनपासून दिवाळीपर्यंत चित्रकलेचे सहा तास गणिताला गेले होते. ते कुणी मागितले नव्हते. मीच घेतले होते.