विश्लेषण : इलेक्ट्रिक कारला थंडी जास्त बाधते की सोलापूरचे ऊन?

सोलापूर : जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील शिकागोत पारा उणे १८ अंशांखाली गेला आणि चार्जिंग केंद्रांवर इलेक्ट्रिक गाड्यांच्या रांगा लागल्या. काही गाड्या तर चार्जच होईनात. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि गाडी घेऊ पाहणाऱ्यांच्या मनात शंका येते. मात्र, एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात प्रश्न थंडीचा नाही, उन्हाचा आहे.

थंडीत नेमके काय होते?

गारठ्यात बॅटरीतील लिथियम आयनांची हालचाल मंदावते. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर केबिन गरम होते. इलेक्ट्रिक गाडीत हीटरही बॅटरीवरच चालतो. शिवाय गार बॅटरी वेगाने चार्ज केल्यास तिच्या आत लिथियमचा थर साचू शकतो. त्यामुळे गाडीची यंत्रणाच चार्जिंगचा वेग कमी करते.

तरीही नॉर्वेसारख्या थंड देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी सुमारे ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. घरी चार्जिंग आणि निघण्यापूर्वी बॅटरी गरम करण्याची सोय, यामुळे तिथे थंडीचा त्रास आटोक्यात राहतो.

रेंज किती घटते?

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०१९ च्या चाचणीत उणे ७ अंशांना हीटर सुरू असताना रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली. ३५ अंशांना एसी सुरू असताना घट १७ टक्के होती. एसी बंद ठेवल्यावर ती अवघी ४ टक्के होती.

हाच हिशेब लावला, तर ३०० किलोमीटर जाणारी गाडी उन्हाळ्यात सुमारे २५० किलोमीटर जाईल. सोलापूर-पुणे अंतर जवळपास तेवढेच आहे. म्हणजे वाटेत एक चार्जिंग थांबा धरूनच निघायला हवे.

मग उन्हाची काळजी जास्त का?

थंडीमुळे घटलेली रेंज ऊब मिळताच परत येते. सततच्या उष्णतेने मात्र बॅटरीतील रासायनिक झीज वाढते आणि गेलेली क्षमता परत येत नाही. बॅटरी हा गाडीतील सर्वांत महागडा भाग असल्याने हा फटका थेट खिशाला बसतो.

काय काळजी घ्यावी?

- गाडी सावलीत लावावी.
- भर उन्हात लांबचा प्रवास केल्यावर लगेच फास्ट चार्जिंग टाळावे.
- चार्जर जोडलेला असतानाच एसी लावून केबिन थंड करावी.
- गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर बॅटरी १०० टक्के भरून ठेवू नये.
- खरेदीपूर्वी बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का, हे विचारावे. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी उष्णता तुलनेने चांगली सोसते.
- क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल, हे वॉरंटीत वाचूनच सही करावी.