पीककर्जातून विहीर

मंडळी, मागचे दोन वीकांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो. एका छोट्या लिस्टेड कंपनीच्या शेअरमध्ये मी सव्वा लाख घातले होते, त्यातले आज जेमतेम तीस हजार उरलेत. कंपनीचं नाव सांगत नाही. चूक माझीच होती, आणि तीच चूक माझ्या ऑफिसातले निम्मे लोक लंच टाइममध्ये मोबाइलवर करत असतात. म्हणून हा लेख.

झालं असं की मी 'डेट-टू-इक्विटी 0.5 पेक्षा कमी' असा फिल्टर लावला. कंपनी पास झाली आणि मी 'कर्ज कमी आहे' असं समजून निवांत झालो. आता माझं स्पष्ट मत आहे की छोट्या कंपनीच्या बाबतीत हा एकच आकडा बघणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून रस्ता ओलांडणं. कर्ज किती, याच्या आधी ते कधी फेडायचंय आणि कशातून फेडायचंय, हे विचारायला हवं.

हा प्रश्न आपल्याला सुचत नाही, कारण कर्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फ्लॅटचं कर्ज येतं. वीस वर्षांची मुदत, महिन्याला ईएमआय. हप्ता कापला जातोय तोवर बँक आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. छोट्या कंपनीचं कर्ज बरेचदा तसं नसतंच. ते असतं कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी. बँकेने मागितलं की परत करायचं, लिमिट दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यायची, आणि गोदामात माल किती, येणं किती याचं स्टॉक स्टेटमेंट बँकेला देत राहायचं.

हे मला खांडबाऱ्याच्या मामांनी समजावलं. (खांडबारा म्हणजे नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका, सुरत-भुसावळ लाइनवर. पुण्यातल्या मित्रांना हे दर वेळी सांगावं लागतं :) ) मामांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. जूनमध्ये माल उधारीवर जातो, पैसे येतात कापूस-तूर विकली गेल्यावर. मधले महिने दुकान सीसीवर चालतं. दिवाळीत मी त्यांना माझ्या कंपनीची बॅलन्स शीट दाखवली. कंपनीने नवी शेड बांधली होती आणि लांब मुदतीचं कर्ज मात्र जवळपास शून्य. मामांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे, यांनी पीककर्जातून विहीर खणली की!"

गावात हे कोणालाही कळतं. पीककर्ज हंगामापुरतं असतं. पीक आलं, विकलं, फेडलं. विहिरीचा खर्च वसूल व्हायला कित्येक वर्षं लागतात. मग मार्च आला की 'नवं-जुनं' करायचं: कुठूनतरी चार दिवसांसाठी पैसे आणून जुनं कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. कागदावर सगळं वेळेवर. ज्या वर्षी बँक नवं देत नाही, त्या वर्षी शेतकरी उघडा पडतो. छोट्या कंपन्याही वर्षानुवर्षं नवं-जुनंच करतात, फक्त त्याला 'रोलओव्हर' म्हणतात.

आता थोडं गणित. समजा, एका कंपनीकडे 20 कोटींचा माल, 50 कोटींचं येणं आणि 2 कोटी रोख आहे. सीसी 30 कोटी, पुरवठादारांचं देणं 20 कोटी, इतर 2 कोटी. भागधारकांचा निधी 90 कोटी. डेट-टू-इक्विटी 0.33, छान! करंट रेशो 1.38, म्हणजे टंडन समितीने 1975 मध्ये घालून दिलेल्या 1.33 च्या वर. सगळे फिल्टर पास. पण येण्यातले 20 कोटी नव्वद दिवसांहून जुने असतील, तर बँक ते सहसा धरत नाही. उरला माल 20 आणि येणं 30, त्यातून पुरवठादारांचे 20 वजा. राहिले 30. त्यावर 25 टक्के मार्जिन कापलं की ड्रॉइंग पॉवर साडेबावीस कोटी. उचललेत तीस! साडेसात कोटींचा खड्डा, आणि हातात रोख दोन. असं खातं सलग नव्वद दिवस मर्यादेबाहेर राहिलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एनपीए.

"धंदा चांगला असेल तर बँक सांभाळून घेते," असं कोणीतरी म्हणेलच. आमच्या खानदेशातलंच उदाहरण बघा. जळगावची जैन इरिगेशन. ठिबक सिंचनातलं नाव, मालाला मागणी. पण सरकारी प्रकल्पांची येणी अडकली आणि 2019 मध्ये कर्जफेड थकली, रेटिंग डिफॉल्टच्या श्रेणीत गेलं. 2018 च्या सुरुवातीला शंभरच्या वर असलेला शेअर मार्च 2020 मध्ये दहाच्याही खाली होता. बँकांबरोबरची फेररचना मार्च 2022 मध्ये अमलात आली. माल वाईट नव्हता हो, पैसा वेळेवर आला नाही.

मग शून्य कर्जवाल्याच कंपन्या घ्यायच्या का? अजिबात नाही. हंगामी धंद्याला सीसी लागतंच. मामा सीसी बंद करतील तर जूनमध्ये दुकान रिकामं. पिकासाठी पीककर्ज योग्यच, तक्रार विहिरीबद्दल आहे.

आणि चीड येते ती याची, की हे सगळं छापलेलं असतं. 2021-22 पासून लांब मुदतीच्या कर्जाचा वर्षभरात द्यायचा भागही 'शॉर्ट टर्म बॉरोइंग्ज'मध्येच वेगळा दाखवावा लागतो. त्याआधी तो दुसऱ्याच शीर्षकाखाली दडलेला असे. येणी किती जुनी आहेत याचा तक्ता त्याच वर्षापासून सक्तीचा आहे. ऑडिटरच्या अहवालाला 'कारो 2020'चं परिशिष्ट असतं. त्याच्या दुसऱ्या कलमात बँकेला दिलेले आकडे आणि वहीतले आकडे जुळतात का (लिमिट पाच कोटींच्या वर असेल तर) ते असतं, आणि नवव्या कलमात छोट्या मुदतीचा पैसा लांब मुदतीच्या कामाला वापरला का, ते. म्हणजे मामांचाच प्रश्न! माझ्या कंपनीच्या अहवालात त्याचं उत्तर 'होय, वापरला' असं रकमेसकट लिहिलं होतं. मी ते पान उघडलंच नव्हतं. सेबीच्या नियमाने 1 जानेवारी 2020 पासून बँकेचं कर्ज तीस दिवसांहून जास्त थकलं की कंपनीला एक्सचेंजला कळवावं लागतं, पण ती बातमी येईपर्यंत शेअर पडलेला असतो.

आपण लोक प्रॉडक्शनला कोड टाकण्याआधी लॉग वाचतो, टेस्ट चालवतो. दोन महिन्यांचा पगार टाकताना मात्र एक फिल्टर पुरतो. कंपनीने फसवलं म्हणायला मला तोंड नाही.

असो. आता नियम केलाय. ऑडिटरचं ते परिशिष्ट आणि येण्यांचा तक्ता वाचल्याशिवाय छोटी कंपनी घ्यायची नाही. वीस मिनिटांचं काम आहे. उरलेल्या तीस हजारांचं काय करू, असं मामांना विचारलं. म्हणाले, "आधी यांची बँक या मार्चला काय करते ते बघ."