अवधूताचे गुरू

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनांवर थेट बोलणारी सूत्रे जेमतेम तीन. मग उरलेला योग शिकायचा कुठे? भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, वारा आहे, मधमाशी आणि अजगरही आहे. एकनाथांनी हा स्कंध मराठीत आणला, म्हणून तो आपल्या घरचाच.

मला त्या गुरूंतली कुमारी सर्वांत जवळची. मागणी घालायला पाहुणे आलेत, घरात दुसरे कुणी नाही. ती आत साळी कांडू लागते. कांकणे वाजतात. लाजून ती एकेक कांकण कमी करते. हातात दोन उरली तरी किणकिण थांबेना. एकच ठेवले, तेव्हा आवाज थांबला. अवधूत एकांत शिकला तो या उखळापाशी. या अंकातले आमचे लेखकही असेच शेतात, स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर जाऊन आले आहेत.