बॅकअप आहे, पण परत बसवून बघितलाय का?

मंडळाच्या खोलीतल्या कम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायचं ठरलं आहे. खर्च मंजूर झाला, सगळे खूश. मीही खूश आहे, कारण ते मशीन सुरू होईपर्यंत कँटीनमध्ये जाऊन चहा पिऊन परत येता येतं. माझी हरकत फक्त एका गोष्टीला आहे. जुनी डिस्क दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये देऊन थोडे पैसे वाचवायची जी कल्पना मीटिंगमध्ये निघाली, तिला मंडळाने सरळ नाही म्हणावं. ‘बॅकअप आहे ना!’ हे मला पटत नाही.

बॅकअप असणं वेगळं आणि तो परत बसणं वेगळं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनियरकडून चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. प्रोग्रामर लोकांचा कोड सांभाळणं हाच या कंपनीचा धंदा. त्यांच्याकडे बॅकअपच्या एक ना दोन, पाच पद्धती होत्या. त्यातली एकही धड चालत नव्हती किंवा मुळात नीट लावलेलीच नव्हती, हे त्या रात्री कळलं. दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी सहा तास आधी काढून ठेवलेल्या एका प्रतीवर निभावलं. मधले सहा तास गेले ते गेलेच. त्यांची ही गत, तर आपण कोण?

आता आपल्याकडे काय आहे ते बघा. आपला बॅकअप म्हणजे ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर उचलून एक्स्टर्नल ड्राइव्हवर टाकलेला. नव्या एसएसडीवर कोरं विंडोज घालायचं आणि फोल्डर परत आणायचा, झालं काम, असं सगळ्यांना वाटतं. फाइली येतील, खरंच येतील. पण आपले जुने अंक पेजमेकरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. त्या फाँटची गंमत अशी की फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे, चिन्हांचे कोड असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फाँट नसला की कविता उघडते आणि समोर नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि कंसांचे ढीग. आणि हा फाँट डॉक्युमेंट्समध्ये नाही, तो विंडोजच्या पोटात आहे. पेजमेकरचंही तेच. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि त्याच्या फाइली आजच्या इनडिझाइनमध्ये उघडत नाहीत. (युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आपण मराठीवाले नंतरही कितीतरी वर्षं जुन्या फाँटना का चिकटून राहिलो, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

म्हणून फोल्डर नाही, अख्ख्या सिस्टिमची इमेज हवी. म्हणजे विंडोज, फाँट, सॉफ्टवेअर, सेटिंग, सगळं जसंच्या तसं. ही सोय विंडोजमध्येच आहे. मात्र परत बसवताना तिचे नखरे असतात. नवी डिस्क कोरी असते, त्यामुळे मशीन सुरू करायला रिकव्हरीचा पेनड्राइव्ह लागतो आणि तो आधीच करून ठेवावा लागतो. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कुठे आहे तेही बघून ठेवायला हवं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे विंडोजची इमेज मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर उतरत नाही. आपली जुनी डिस्क ५०० जीबी, स्वस्त मिळते म्हणून यादीत लिहिलेली एसएसडी २५६ची. जुनीवर निम्मीसुद्धा जागा भरलेली नसली तरी विंडोज ऐकत नाही. मग एक तर इमेज लहान करणारं वेगळं सॉफ्टवेअर शोधा, नाही तर मोठी एसएसडी घ्या. हे सगळं जुनी डिस्क हातात असताना कळलं तर ठीक. ती दुकानात गेल्यावर कळलं तर?

शिवाय एसएसडी वेगवान असली तरी चुकांना माफ करत नाही. हार्ड डिस्कवरची पुसलेली फाइल पुष्कळदा परत काढता येते. एसएसडीवर ट्रिम नावाची सोय असते. पुसलेल्या फाइलची जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकते, आणि मग दुकानदारही हात वर करतो.

‘सगळं गूगल ड्राइव्हवर टाका’ असंही एकजण म्हणाला. टाका की! पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि ट्रॅशमध्ये ते ३० दिवस टिकतं. आणि अकाउंट कोणाचं? टीवायच्या कोणाचं तरी, जो पुढच्या वर्षी पुण्याला किंवा दुबईला असणार.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना तर हे जास्त कळायला हवं. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, सतराव्या शतकातच आणखी दोनदा छापलं गेलं, आणि त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. ते टिकलं हातानं उतरवलेल्या पोथ्यांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. मला वाटतं, उतरवणारा माणूस ओळ वाचूनच पुढची लिहीत होता, म्हणजे प्रत वाचता येते की नाही हे त्याच वेळी तपासलं जात होतं. आपण कॉपी-पेस्ट करतो आणि हिरवी पट्टी शंभर टक्के झाली की उठतो.

तर मॅडमना आणि कार्यकारिणीला माझं सांगणं असं. एसएसडी ५१२ जीबीची घ्या. इमेज काढा, ती नव्या ड्राइव्हवर उतरवा, आणि मग कोणतेही तीन जुने अंक पेजमेकरमध्ये उघडून एकेक पान खरोखर वाचा. त्याच बैठकीत प्रत्येक अंकाची फाँटसकट पीडीएफ करून घ्या. ती कुठल्याही फोनवर उघडते. जुनी डिस्क तारखेची चिठ्ठी लावून मंडळाच्या कपाटात ठेवा, पुढच्या वर्षीच्या अंकापर्यंत तरी. पीडीएफच्या कामाला मी येते, आणखी दोघं लागतील. नाताळच्या सुट्टीआधी एक शनिवार पुरेल.